डब्याच्या बुडाचे चोवीस शब्द

परभणीच्या भांडेबाजारात दत्तरावांचं दुकान आहे. त्या दुकानाच्या ओट्यावर, घागरींच्या उतरंडीला पाठ टेकून, गेली अठरा वर्षं कोकिळाबाई बसतात. समोर बुटकं स्टूल, स्टुलावर घडी घातलेलं पोतं आणि हातात जाड पेनासारखं दिसणारं विजेचं मशीन. गिऱ्हाइकानं भांडं घेतलं की ते आधी कोकिळाबाईंच्या पुढ्यात येतं, कर्रर्र आवाज होतो आणि भांड्यावर नाव उमटतं. आपल्याकडं भांडं पैसे मोजल्यानं आपलं होत नाही, नाव टाकल्यावर होतं. बारशाची वाटी असो, वास्तुशांतीचं ताट असो नाहीतर लेकीच्या संसाराची घागर असो, कुणाचं, कुणाकडून आणि कशाबद्दल हे लिहिल्याशिवाय कुणाच्या जिवाला चैन पडत नाही. शेजारणीकडं गेलेलं पातेलं घरी परत येतं ते त्या नावाच्याच जोरावर. जिल्ह्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत तुमचं अक्षर आहे, असं कुणी म्हटलं, तर कोकिळाबाई मान हलवून म्हणतात, "निम्म्या न्हाई, जरा कमी."

त्या पिंगळीच्या. सकाळच्या गाडीनं येतात, संध्याकाळच्या गाडीनं जातात. हे काम मूळचं त्यांच्या नवऱ्याचं, रामहरींचं. रामहरींच्या हाताला कंप सुटला तेव्हा कोकिळाबाई पेन्सिलीनं नाव लिहून द्यायच्या आणि ते वरून मशीन फिरवायचे. पुढं मशीनही कोकिळाबाईंच्याच हातात आलं आणि रामहरी गेल्यावर ओटाही. शिक्षण पाचवी. पण अक्षर असं, की शाळामास्तरांनी फळ्यावर लिहायला बोलवावं. रामहरींनी त्यांना एकच नियम घालून दिला होता. पेन्सिलीनं लिहिलं की मशीन लावण्याआधी गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावायचं. लोखंडी सुईनं एकदा ओढलेली रेघ परत घेता येत नाही, आणि लग्नाच्या ताटावर नवरीचं नाव चुकलं तर दोन्हीकडची वरात ओट्यावर येते.

सात वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार अठरा साली, समोरच्या बाजूला एक नवं दुकान उघडलं. तिथं कॉम्प्युटरचं मशीन. नाव टाइप करायचं, भांडं आत सरकवायचं, मिनिटात नाव तयार, वर फुलाची नक्षी फुकट. कोकिळाबाईंची गिऱ्हाइकं त्यांच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडायला लागली. दत्तराव भले माणूस, तोंडानं काही बोलले नाहीत. पण दिवस दिवस स्टूल रिकामं राहायला लागलं, तेव्हा बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की एवढी दिवाळी काढायची आणि मशीन गुंडाळून ठेवायचं.

त्याच दिवसांत महारुद्र आला. ताडकळसचा, तिशी उलटलेला, अंगात साधा शर्ट आणि खांद्याला लॅपटॉपची पिशवी. घरी बसून परदेशातल्या कुठल्या कंपनीचं काम करायचा. तो आधी समोरच्या दुकानात गेला, काहीतरी विचारलं आणि परत फिरून थेट ओट्यापाशी आला.

"मावशी, तुमाला इंग्रजी येतं का?"

"न्हाई."

"लय चांगलं झालं," असं म्हणून तो समोर बसलाच.

कोकिळाबाईंना राग आला. आपल्याला इंग्रजी येत नाही याचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नव्हता. पण त्यानं खिशातून तळहाताएवढी स्टीलची पट्टी काढली, घडी केलेला कागद काढला आणि हलक्या आवाजात सांगितलं, की मला हे चोवीस शब्द या पट्टीवर खोदून पाहिजेत. समोरच्याचं मशीन चांगलं आहे, पण त्यात आधी टाइप करावं लागतं, आणि टाइप केलेलं त्या कॉम्प्युटरमध्ये राहतं. तुमच्या हातून मात्र काहीच मागं राहत नाही. ज्या मशीनमुळं बाईंचं पोट मारलं जात होतं, त्याची खोड त्यानं अशी एका वाक्यात सांगितली. बाईंचा राग तिथंच विरघळला.

पण लगेच दुसरं भांडण उभं राहिलं. बाई म्हणाल्या, मी पेन्सिलीनं लिहिते, तुम्ही मोठ्यानं वाचा. तो म्हणाला, मोठ्यानं वाचलं तर सगळंच संपलं. बाई म्हणाल्या, मग मी मशीन लावत नाही. शेवटी दोघं मागच्या गोदामात गेले. तिथं गवतात गुंडाळलेल्या काचेच्या सामानामध्ये पोतं अंथरून बसले. तो एकेक अक्षर बोटानं दाखवायचा, बाई रांगोळीचे ठिपके उचलावेत तसं ते अक्षर उचलायच्या, तो मान डोलवायचा आणि मग सुई चालायची.

सुई टेकवण्याआधी मात्र बाईंनी ती पट्टी उलटसुलट करून बघितली होती आणि विचारलं होतं, "ही घरात कुठं ठिवणार?"

कपाटात, असं तो म्हणाला. बाई हसल्या. बिनकामाचं लोखंड घरात टिकत नाही, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं. दिवाळीच्या साफसफाईत घरची बाई ती भंगारवाल्याला देणार आणि बदल्यात लसूण घेणार. त्यापेक्षा मोठा डबा घ्या, त्याच्या बुडाला खोदून घ्या आणि वर कडेला लेकीचं नाव टाका. लेकीच्या नावाचं भांडं कुणी मोडीत घालत नाही, ते तिच्या लग्नापर्यंत फळीवर राहतं. महारुद्रानं पट्टी परत खिशात घातली. मग म्हणाला, की जगात लोक यासाठी तिजोऱ्या विकत घेतात आणि हे कुणाला सुचलं नाही. त्यानं दत्तरावांकडून वीस किलोचा जाड डबा घेतला.

चोवीस शब्दांना तीन तास लागले. दोनदा चहा झाला. मनातली गोष्ट कुणालाच सांगता येत नसली की माणूस अशा वेळी बोलतो, तसा महारुद्र बोलत राहिला. त्याला काही कामाचे पैसे बिटकॉइनमध्ये मिळाले होते. हे पैसे कुठल्या बँकेत नसतात. जगभरच्या कॉम्प्युटरांत त्यांची नोंद असते आणि ज्याच्याकडं हे चोवीस शब्द, त्याचे ते पैसे. त्याच्याकडं हे पैसे उघडायचं पेनड्राइव्हसारखं एक बारकं यंत्र होतं, त्याला पिन होता. पण यंत्र काय, आज आहे उद्या बिघडेल. कागद काय, जळेल, भिजेल, उंदीर खाईल. शब्द राहिले तर सगळं परत मिळतं, शब्द गेले तर कुणाच्या पाया पडून उपयोग नाही. आणि शब्द दुसऱ्यानं वाचले, तर तो घेऊन जाईल आणि तक्रार घेणारंही कुणी नाही.

"मग असले पैसे ठिवता कशाला?" बाईंनी विचारलं.

तो हसला. म्हणाला, भाव आज वर, उद्या खाली, मलाही भीती वाटते. पण पोरगी तीन वर्षांची आहे. ती मोठी होईपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरवलंय. मग त्यानं बाईंना नियम सांगितले, जणू डबा त्यांच्याच घरी जाणार होता. याचा फोटो काढायचा नाही. हे शब्द कुणाच्याही मोबाइलमध्ये टाकायचे नाहीत. शब्दांना घातलेल्या आकड्यांचा क्रम मोडायचा नाही. फोनवर कुणी गोड बोलून विचारलं, साहेब म्हणून दरडावून विचारलं, तरी सांगायचं नाही. हे कुलूप कसं उघडायचं ते माझ्याखेरीज माझा एकच दोस्त जाणतो. धम्मानंद. स्टेशनच्या मागं त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. पण त्याच्याकडं शब्द नाहीत. कुलूप त्याला ठाऊक, किल्ली इथं.

काम संपल्यावर त्यानं कागद चहावाल्याच्या शेगडीत टाकला आणि त्याची राख होईपर्यंत उभा राहिला. मग परत येऊन म्हणाला, "मावशी, हे कुणाला बी सांगू नका. घरी मी सांगतो, येळ आली की."

कोकिळाबाईंनी मशीनला हात लावून शब्द दिला. त्यानंतर डब्याच्या कडेला त्यांनी आपलं नेहमीचं मराठी अक्षर काढलं. चि. अर्पिता.

त्या दिवशी गाडीत बसल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की मशीन गुंडाळून ठेवायचा विचार डोक्यातून निघून गेलाय. एका शिकलेल्या माणसानं आपल्या लेकीचं सगळं बाईंच्या हातावर भरोसा टाकून सोडलं होतं. ते ओझं त्यांना लय हलकं वाटलं. पुढं दोन दिवाळ्यांना महारुद्र आला. दरवेळी लेकीच्या नावाचं एखादं भांडं घ्यायचा, घरचा चिवडा द्यायचा आणि डब्याबद्दल दोघंही अवाक्षर काढायचे नाहीत. लग्नसराईत सुट्टे पैसे मोजताना, हात दुखायला लागल्यावर, कितीदातरी त्या मनात म्हणाल्या असतील, की त्या पोरानं मला या ओट्यावर ठेवलं.

मग तो यायचा थांबला. एक दिवाळी गेली, दुसरी गेली. कोकिळाबाईंनी समोरच्या दुकानाकडं बघून निष्कर्ष काढून टाकला, की शेवटी हाही फुलाच्या नक्षीला भुलला. चार वर्षं त्यांनी हा राग नीट जपून ठेवला होता.

या उन्हाळ्यात, लग्नांची गर्दी ऐन भरात असताना, एक पस्तिशीची बाई मोठी पिशवी घेऊन ओट्यापाशी आली. तिच्याबरोबर तिचे थोरले दीर होते, सूर्यभान नावाचे. त्यांनी काम सांगितलं. माझ्या शिवकन्याचं लग्न परवा आहे, या पाच भांड्यांवरची जुनी नावं घासून काढा आणि 'सौ. शिवकन्या' टाका. एवढं सांगून ते कपाट बघायला पुढच्या गल्लीत गेले आणि भावजय तिथंच बसली.

कोकिळाबाईंच्या हातून सकाळपासून तीस भांडी होऊन गेली होती. त्यांनी पिशवीतला मोठा डबा उचलला, पॉलिशच्या चाकाला कड लावली आणि 'चि. अर्पिता' घासून टाकलं. अर्पिता नावाची भांडी त्यांनी शंभर तरी केली असतील, त्यांचं लक्षही गेलं नाही. ती बाई म्हणाली, "मावशी, बूड बी घासा. तिथं काय तरी खरडलेलं हाय, नव्या घरी बरं दिसत न्हाई."

बाईंनी डबा उलटा केला. चाक फिरतच होतं. बुडावर बारा आणि बारा अशा दोन ओळी होत्या, मराठी आकडे आणि पुढं इंग्रजी शब्द. आपण काढलेलं अक्षर माणूस विसरत नाही, वाचता येत नसलं तरी. कोकिळाबाईंनी पायानं बटण बंद केलं.

"तुमी ताडकळसच्या का?"

"व्हय."

"महारुद्रदादा तुमचे कोण?"

तिनं पिशवी बाजूला ठेवली. मग सांगितलं, की मी त्यांची बायको, प्रियांका. ते चार वर्षांपूर्वी गेले. दुपारी जेवून उठले, छातीत कळ आली, परभणीला आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

कोकिळाबाई डबा मांडीवर धरून बसून राहिल्या. चार वर्षं ज्याच्यावर आपण रुसलो, तो माणूसच नव्हता. समोरच्या नक्षीवाल्याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या, त्या सगळ्यांची त्यांना लाज वाटली. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, की दादांनी या डब्याबद्दल कधी काही सांगितलं होतं का.

"पोरीचा हाय, जपून ठिव, एवढंच म्हणायचे. मी पिठाला वापरते."

मग देता कशाला, असं बाई विचारणार होत्या, पण प्रियांकाच सांगायला लागली. महारुद्र गेल्यावर दिरांनी तिला आणि पोरीला दुसरं मानलं नाही. शाळेची फी भरतात, भाजी आणली तर आधी हिच्या घरात देतात. त्यांच्या लेकीचं लग्न आहे आणि आपल्याकडं देण्यासारखं दुसरं काही नाही. अर्पिताच्या नावाची पाच भांडी तेवढी होती. सासूबाई नको म्हणाल्या, पण हिनंच हट्ट केला. उपकार फेडायला तिनं घरातलं सगळ्यात जड भांडं निवडलं होतं.

आता कोकिळाबाईंच्या मनात दोन वजनं लागली. मशीनला हात लावून शब्द दिलेला होता, कुणाला सांगणार नाही. घरी मी सांगतो, असं तो म्हणाला होता, आणि त्याला वेळच मिळाला नाही. गप्प राहिलं तर शब्द पाळल्याचं पुण्य लागेल आणि पोरीचं सगळं शिवकन्याच्या सासरी तांदळाखाली जाईल. पुढच्या गल्लीतून दीर कधीही परततील. बाईंनी मशीनला हात लावला, मनात महारुद्राची माफी मागितली आणि उठल्या. "माय, डबा घे अन् आत चल."

त्याच गोदामात, गवताच्या वासात, त्यांनी प्रियांकाला सगळं सांगितलं. तो कुठं बसला होता, कागद कुठं जाळला, काय काय बोलला. बिटकॉइन हा शब्द ऐकल्यावर प्रियांकानं कपाळाला हात लावला. तिला थोडं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर कपाटात ते बारकं यंत्र सापडलं होतं. पुतण्यानं सात-आठ पिन टाकून बघितले, सगळे चुकले आणि ते आपोआप कोरं झालं. गेलं ते गेलं, असं म्हणून तिनं तो विषय सोडून दिला होता, आणि रोज सकाळी त्याच डब्यातून भाकरीचं पीठ काढत होती.

"आता मी सांगते ते नीट ध्यानात ठिव," कोकिळाबाई म्हणाल्या. "फोटो काढायचा न्हाई. मोबाइलमधी टाकायचं न्हाई. नंबराचा क्रम मोडायचा न्हाई. फोनवर कुणी बी इचारलं तरी सांगायचं न्हाई. अन् स्टेशनच्या मागं धम्मानंद म्हणून एक जण हाय, त्याच्याकडं जायचं. त्याला कुलूप ठाव हाय. शब्द मात्र त्याच्या बी हातात द्यायचे न्हाईत." सात वर्षांपूर्वी ऐकलेलं त्यांनी एक शब्द न गाळता सांगितलं. पाठ केलेलं नव्हतं. खोदताना जे कानावर पडतं ते आत खोदलं जातं, एवढंच.

बाहेर येऊन त्यांनी दत्तरावांच्या फळीवरचा तसाच वीस किलोचा नवा डबा उतरवला आणि त्यावर अन् बाकीच्या चार भांड्यांवर 'सौ. शिवकन्या' टाकलं. जुना डबा कापडात गुंडाळून प्रियांकाच्या पिशवीत गेला. तोवर सूर्यभान आले. त्यांनी डबा उचलून उन्हात धरला, आतबाहेर बघितलं आणि खूश झाले. "लय झाक पॉलिश केलंत, मावशी. नवाच वाटायलाय."

"हात अजून चालतोय," कोकिळाबाई म्हणाल्या. दत्तरावांनी हिशेबाच्या वहीत तोंड खुपसलं, नाहीतर त्यांना हसू आवरलं नसतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस कोकिळाबाईंना जड गेले. ज्या धम्मानंदला आपण कधी डोळ्यांनी बघितलं नाही, त्याच्याकडं एका एकट्या बाईला पाठवलं, हे त्यांच्या मनातून जाईना. सात वर्षांत माणूस बदलतो. एक दिवस गाडी सुटायला अवकाश होता, तेव्हा त्या स्टेशनच्या मागं जाऊन तो क्लास बघून आल्या. काचेतून दिसलं, की एक टक्कल पडायला लागलेला माणूस दोन मुलींना टायपिंग शिकवतोय आणि तिसरीच्या खुर्चीखाली पुठ्ठा सरकवतोय, खुर्ची डुगडुगते म्हणून. तेवढ्यावरून माणूस काय कळणार. तरी खुर्चीचा पुठ्ठा बघून त्यांच्या जिवात थोडा जीव आला.

सोळाव्या दिवशी प्रियांका आली. बरोबर शाळेच्या गणवेशातली दहा वर्षांची पोरगी. प्रियांका ओट्यावर चढली आणि कोकिळाबाईंच्या पाया पडली. भर बाजारात कुणी असं पाया पडलेलं बाईंना आवडत नाही, पण त्या दिवशी त्यांना तिला उठवताही येईना.

मग गोदामात बसून तिनं सांगितलं. धम्मानंदनं महारुद्राचं नाव ऐकलं आणि चालू क्लास सोडून तिला आत बसवलं. दोस्ताच्या मागं काहीतरी राहिलं असेल, हे त्याला वाटायचं, पण शब्दांशिवाय बोलून उगाच आशा लावायची कशी, म्हणून तो चार वर्षं गप्प होता. त्यानं तसंच नवं यंत्र मागवलं, बंद खोक्यातलं, आणि खोकं प्रियांकाकडूनच फोडून घेतलं. बटणं कशी दाबायची ते दाखवलं आणि आपली खुर्ची भिंतीकडं वळवून बसला. डबा मांडीवर उलटा घेऊन, बोटानं ओळ धरून, तिनं एकेक शब्द स्वतः टाकला. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा कुलूप उघडलं.

"सगळं हाय, मावशी," प्रियांका म्हणाली. "एक पैसा बी गेलेला न्हाई. तुमचं एक अक्षर जरी इकडचं तिकडं असतं, तर काय बी मिळालं नसतं."

कोकिळाबाईंनी मान खाली घातली. आयुष्यभर त्यांनी नावं नीट काढली होती. त्याबद्दल त्यांचे एवढे आभार कुणी मानले नव्हते.

धम्मानंदनं पुढचंही समजावलं होतं. हा डबा सात वर्षं पिठात उघड्यावर राहिला, कुणी बुडाकडं बघितलंच नसेल असं धरून चालू नका. म्हणून त्यानं तिच्याच हातानं सगळं नव्या चोवीस शब्दांच्या कुलपात हलवून घेतलं. पोरीच्या शाळेपुरतं थोडं काढलं, बाकीच्याला महारुद्रानं म्हटलं होतं तसा हात लावायचा नाही. आणि तिनं दिरांना सगळं सांगितलं, नव्या डब्याच्या पॉलिशसकट. सूर्यभान आधी हसले. मग म्हणाले, ते पोरीचं आहे, तिला राहू दे, फी मी भरतोय ती मीच भरणार.

आता नवे शब्द दुसऱ्या भांड्यावर खोदायचे होते. कोकिळाबाईंनी मशीन प्रियांकाच्या हातात दिलं.

"ह्या बारीला मी बघणार न्हाई. तुझं तू खोद."

तासभर त्यांनी तिला सरावाला मोडीतलं भांडं देऊन शिकवलं, सुई किती टेकवायची, कुठं उचलायची. मग दाराकडं तोंड करून, गोदामाला पाठ करून बसल्या. आत मशीन अडखळत चालत होतं. आवाज मध्येच थांबला की एक शब्द झाला, हे त्यांना कळत होतं. चोवीस थांबे होईस्तोवर त्यांनी कुणालाही आत सोडलं नाही, दत्तरावांनासुद्धा नाही. काम संपल्यावर प्रियांका सांगायला लागली, की हे आता मी कुठं ठेवणार आहे. बाईंनी तिला तिथंच थांबवलं. ठिकाण मला नको. शब्द एकीकडं ठेव, ते कशाचे आहेत हे सांगणारी चिठ्ठी दुसरीकडं, बहिणीकडं म्हण, भावाकडं म्हण. दादांनी शब्द असे ठेवले, की चोराला सापडू नयेत, आणि ते आपल्या माणसालाही सापडले नाहीत. तेवढी एक चूक परत करू नको.

"म्हणून तर हिला आणलंय," प्रियांका म्हणाली. "हिला तुमचं तोंड ओळखू यावं म्हणून. चिठ्ठीत तुमचं बी नाव घातलंय."

"माझं काय, मी पिकलं पान," कोकिळाबाई म्हणाल्या, पण अर्पितानं त्यांच्याकडं टक लावून बघितलं ते त्यांना आवडलं. पोरीचे डोळे बापाचे होते.

राहता राहिला जुना डबा. त्याच्या बुडाचे शब्द आता कुठलंच कुलूप उघडत नव्हते. घासून टाकू का, असं बाईंनी विचारलं. प्रियांका नको म्हणाली. तीन तास बसून त्यांनी करून घेतलं होतं, तेवढं राहू द्या. पण कड मोकळी दिसते. तिथलं नाव बाईंनीच आपल्या हातानं घासलं होतं आणि गेले सोळा दिवस ती मोकळी कड त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

बाहेर ओट्यावर येऊन त्यांनी डबा स्टुलावर घेतला, पोरीला जवळ बसवलं आणि पेन्सिलीनं नाव लिहिलं. आधी नुसतं 'चि. अर्पिता' होतं, आता पुढं बापाचं नाव आणि गावही घातलं. मग पोरीच्या हातात मशीन दिलं, तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि सुई टेकवण्याआधी हात थांबवला. गिऱ्हाइकानं मोठ्यानं वाचल्याशिवाय मशीन लागत नाही, हा नियम महारुद्रासाठी एकदाच मोडला होता.

"वाच बरं."

"चि. अर्पिता महारुद्र, ताडकळस," अर्पिता पुटपुटली.

"मोठ्यानं."

पोरगी उठून उभी राहिली आणि सगळ्या भांडेबाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं नाव वाचलं. समोरच्या नक्षीवाल्यानं मान वर करून बघितलं. कोकिळाबाईंनी मान डोलवली, पायानं बटण दाबलं आणि पोरीचा हात धरून पहिलं अक्षर ओढायला घेतलं.